ब्लूम्सबरीत एक खोली

लंडनचा नकाशा समोर पसरून त्यावरची मोठी रेल्वे स्टेशनं तेवढी शोधावीत. पॅडिंग्टन, यूस्टन, सेंट पँक्रस, किंग्ज क्रॉस, लिव्हरपूल स्ट्रीट, नदीपलीकडे वॉटर्लू आणि पुन्हा अलीकडे व्हिक्टोरिया. ही स्टेशनं रेघेनं जोडली तर शहराच्या गाभ्याभोवती एक कडं तयार होतं. १८४६ साली नेमलेल्या शाही आयोगानं नव्या रेल्वेमार्गांना मध्य लंडनमध्ये शिरू देऊ नये अशी शिफारस केली. त्यामुळे उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या रेल्वे कंपन्यांना गाभ्याच्या कडेलाच थांबावं लागलं. ही स्टेशनं एकमेकांना आणि शहराला जोडायची कशी, या अडचणीतून १८६३ साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे धावली.

स्वस्त खोली शोधणाऱ्या प्रवाशाला हा इतिहास फार उपयोगी पडतो. लांबून गाडीनं आलेला माणूस स्टेशनाबाहेर पडला की त्याला आधी रात्रीच्या निवाऱ्याची सोय हवी असे. त्यामुळे या स्टेशनांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत घरं हळूहळू भाड्याच्या खोल्यांची, बोर्डिंग हाउसांची झाली. साधी, परवडणारी गेस्ट हाउसं आजही बऱ्याच प्रमाणात तिथंच आहेत. लंडनला स्वतःच्या हिमतीनं जायचं ठरवलेले लोक बहुतेक वेळा दर कमी-जास्त लावून यादी काढतात आणि वरचं पहिलं नाव पकडतात. माझं सांगणं आहे की दर पाहण्याआधी वस्ती ठरवावी, आणि वस्ती ठरली की घराचा कुठला मजला ते ठरवावं. दराचा विचार त्यानंतर करावा.

वस्त्या तशा मोजक्याच आहेत. पॅडिंग्टनजवळ ससेक्स गार्डन्स नावाचा रुंद, झाडांचा रस्ता आहे आणि त्यावर लहान हॉटेलांची रांगच लागली आहे. विमानतळावरून यायला ही जागा सगळ्यांत सोपी. व्हिक्टोरियाजवळच्या बेलग्रेव्ह रोडवरून वेस्टमिन्स्टर चालत गाठता येतं, आणि पुढे बसनं ऑक्सफर्ड, बाथ किंवा स्कॉटलंडकडे निघायचं असेल तर कोच स्टेशन शेजारीच आहे. अर्ल्स कोर्ट थोडं पश्चिमेला पडतं, पण हीथ्रोहून येणारी पिकॅडिली लाइन थेट तिथं थांबते आणि साउथ केन्सिंग्टनची संग्रहालयं जवळ येतात. चौथी वस्ती ब्लूम्सबरी. यूस्टन रोडच्या दक्षिणेला, किंग्ज क्रॉसपासून टॉटनम कोर्ट रोडपर्यंत पसरलेली. मी लंडनला पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला हीच सुचवते. कारण साधं आहे: इथून बाहेर पडलं की बऱ्याच ठिकाणी पायी जाता येतं, आणि पायी पाहिलेलं लंडन भुयारातून पाहिलेल्या लंडनपेक्षा कितीतरी पटीनं मनात राहतं.

ब्लूम्सबरीतली बहुतेक जुनी घरं अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या काही दशकांत बांधलेली आहेत. यातली बरीचशी जमीन बेडफर्डच्या ड्यूकच्या मालकीची. चौक आखायचे, मधोमध बाग ठेवायची आणि चारी बाजूंनी एकमेकांना चिकटलेली उंच, अरुंद घरं बांधायची, अशी पद्धत होती. १७७४ च्या बांधकाम कायद्यानं लंडनमधल्या घरांच्या चार प्रती ठरवून दिल्या आणि त्या त्या प्रतीला भिंतीची जाडी वगैरे नेमून दिली. त्यामुळे रस्त्यावरची सगळी घरं सारखी दिसतात. पुढे श्रीमंत कुटुंबं पश्चिमेकडे सरकली आणि इथल्या घरांत विद्यार्थी, कारकून, लेखक भाड्यानं राहू लागले. कार्टराइट गार्डन्सची चंद्रकोरीसारखी वळलेली इमारतींची ओळ जेम्स बर्टननं १८०९ ते १८११ च्या दरम्यान बांधली. तिच्यातली बरीच घरं आजही लहान हॉटेलं आहेत. किंग्ज क्रॉससमोरचा आर्गाइल स्क्वेअरही तसाच, हॉटेलांच्या पाट्यांनी भरलेला.

आता मजल्याची गोष्ट. ही घरं एका सधन कुटुंबासाठी आणि त्याच्या नोकरांसाठी बांधलेली होती. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांना बसवायचा दिवाणखाना, दुसऱ्यावर घरच्यांच्या निजायच्या खोल्या, त्याच्या वर मुलं आणि अगदी वर, छपराखाली, नोकरमाणसं. खिडक्यांकडे बाहेरून नीट पाहिलं तरी हे कळतं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, आणि वर जावं तसतशा त्या आखूड होत जातात. गेस्ट हाउस झाल्यावर आतल्या भिंती बदलल्या, कोपऱ्यांत न्हाणीघरं बसवली, पण घराचा मूळ स्वभाव बदलला नाही. पहिल्या मजल्यावरची खोली अजूनही उंच छताची, उजेडाची असते. पोटमाळ्यावरची खोली अरुंद, उन्हाळ्यात तापणारी. तळघरातल्या खोलीला जाहिरातीत ‘लोअर ग्राउंड’ म्हणतात. तिची खिडकी बहुधा रस्त्याखालच्या छोट्याशा चौकात उघडते आणि उजेड बेताचा असतो.

म्हणून आरक्षण झालं की मालकाला ईमेलनं दोन ओळी लिहाव्यात: शक्य असेल तर पहिला किंवा दुसरा मजला आणि मागच्या अंगाची खोली द्यावी. पुढच्या खोल्यांतून चौक दिसतो, पण रात्रभर गाड्यांची वर्दळ ऐकू येते. मागच्या खोल्या शांत. बरीच लहान गेस्ट हाउसं अजून कुटुंबंच चालवतात आणि अशी नम्र विनंती ते लक्षात ठेवतात.

लिफ्टचा प्रश्न मात्र विनंतीनं सुटत नाही. वारसा म्हणून जपलेल्या या इमारतींत लिफ्ट बसवणं अवघड, बऱ्याचदा अशक्यच. जिने चढे आणि इतके अरुंद की वरून उतरणाऱ्याला थांबून वाट द्यावी लागते. तेवीस किलोची बॅग घेऊन चौथ्या मजल्यावर चढणं तरुणालाही जड जातं. आईवडील बरोबर असतील, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं असेल, तर ‘लिफ्ट आहे का’ हा प्रश्न दराच्याही आधी विचारावा. नसेल आणि तळमजल्यावरची खोलीही मिळत नसेल, तर ते घर कितीही देखणं असलं तरी सोडून द्यावं आणि थोडे पैसे जास्त मोजून नव्या बांधणीच्या साखळी हॉटेलात जावं. यात मी तडजोड करायला सांगणार नाही.

पलंगाबद्दलही एक बारकावा आहे. ब्रिटनमध्ये ‘डबल’ म्हणजे १३५ सेंटिमीटर रुंदीचा पलंग, आणि ‘स्मॉल डबल’ म्हणजे फक्त १२०. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या क्वीन किंवा किंग आकारापुढे हा फारच अरुंद वाटतो. दोघांना ऐसपैस झोपायची सवय असेल तर ‘ट्विन’, म्हणजे दोन सुटे पलंग असलेली खोली मागावी. एकट्यानं जाणाऱ्याला मात्र या जुन्या घरांचा मोठा फायदा आहे. इथं खऱ्याखुऱ्या एकेरी खोल्या मिळतात, आणि न्हाणीघर मजल्यावर सामाईक असेल तर त्या बऱ्याच स्वस्त पडतात. सामाईक न्हाणीघराला लोक उगीच बिचकतात. बऱ्याच खोल्यांत तोंड धुवायला बेसिन आतच असतं आणि चांगल्या चालवलेल्या घरात बाहेरचं न्हाणीघर रोज स्वच्छ केलं जातं. अलीकडच्या पाहुण्यांनी काय लिहिलंय ते वाचून खात्री करून घ्यावी म्हणजे झालं.

दराचं म्हणाल तर दोघांच्या साध्या खोलीला रात्रीचे साधारण शंभर पौंड धरूनच हिशेब मांडावा. उन्हाळ्यात तो आकडा सहज वर जातो. जानेवारी-फेब्रुवारीत उतरतो, पण तेव्हा दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि हिंडायला दिवस अपुरा पडतो. मला एप्रिलचा उत्तरार्ध, मे आणि सप्टेंबर हे दिवस सर्वांत चांगले वाटतात. जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला विम्बल्डन सुरू होतं, ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीला नॉटिंग हिलचा कार्निव्हल असतो. अशा दिवसांत खोल्या लवकर भरतात. रविवारची रात्र बहुधा स्वस्त मिळते, शनिवारची महाग.

पत्ता वाचताना पोस्टकोडकडे लक्ष द्यावं, आणि त्यानं फसूही नये. १८५०च्या दशकात लंडनची टपालासाठी दिशांनुसार वाटणी झाली. डब्ल्यूसी म्हणजे पश्चिम-मध्य, एनडब्ल्यू म्हणजे वायव्य, एसई म्हणजे आग्नेय. पुढे १९१७ साली त्यांना आकडे मिळाले, पण ते अंतरावरून दिले गेले नाहीत. प्रत्येक दिशेच्या मुख्य टपालकचेरीला १ आणि बाकीच्या भागांना त्यांच्या नावांच्या अकारविल्हेनं पुढचे आकडे. त्यामुळे एसई२ वाचून वाटतं की अगदी मध्याजवळ असेल, आणि प्रत्यक्षात ते अ‍ॅबी वुड निघतं, शहराच्या पूर्व टोकाकडे, प्रवासभाड्याच्या चौथ्या झोनमध्ये. ई४ म्हणजे दूरचं चिंगफर्ड, तर ई१४ त्याहून कितीतरी जवळ. ब्लूम्सबरीसाठी डब्ल्यूसी१ आणि फिट्झ्रोव्हिया बाजूला डब्ल्यू१टी हे कोड शोधावेत. बाकी ठिकाणी जवळचं ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, स्टेशन कुठल्या झोनमध्ये येतं ते पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

चौथ्या-पाचव्या झोनमधली खोली रात्रीला तीस-चाळीस पौंडांनी स्वस्त दिसते. पण दोघांचं रोजचं जाण्यायेण्याचं भाडं तिच्यात मिळवावं, आणि जाऊन-येऊन दीड तास जातो तोही धरावा. दुपारी दमल्यावर खोलीवर येऊन अर्धा तास पाय पसरता येणं ही वडीलधाऱ्यांबरोबरच्या प्रवासात फार मोठी सोय आहे. लांबच्या खोलीत ती मिळत नाही. एखादं नातेवाईक कुटुंब हॅरो, वेम्बली किंवा हन्सलोला राहत असेल आणि त्यांच्याकडे जायचं असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं स्वस्त आहे म्हणून लांब जाऊ नये.

ब्लूम्सबरीच्या पश्चिम कडेला फिट्झ्रॉय स्क्वेअर आहे. चौकाच्या पूर्वेची आणि दक्षिणेची फिकट दगडातली घरं अ‍ॅडम बंधूंच्या आराखड्याप्रमाणे १७९०च्या दशकात उभी राहिली. २९ क्रमांकाच्या घरात आधी बर्नार्ड शॉ राहत असे आणि पुढे १९०७ ते १९११ या काळात लग्नापूर्वीची व्हर्जिनिया वुल्फ. याच चौकाच्या कोपऱ्यावर ४१ क्रमांकाची इमारत आहे: इंडियन वायएमसीए. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी के. टी. पॉल यांनी १९२० साली ही संस्था सुरू केली. आताची इमारत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची, राल्फ टब्ज या वास्तुशिल्पीची. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मधला प्रचंड घुमट त्याचाच. खोल्या साध्या आहेत, काहींना न्हाणीघर जोडलेलं, काहींना मजल्यावर सामाईक. पण खाली भोजनगृहात वरण-भात, भाजी, पोळीच्या वळणाचं जेवण मिळतं, आणि बाहेरचे लोकही तिथं दुपारी जेवायला येतात. परदेशी अन्नानं चौथ्या दिवशी कंटाळणाऱ्या शाकाहारी माणसासाठी लंडनमध्ये याहून भरवशाचा आसरा मला माहीत नाही. आरक्षण करताना दरात नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलंय का, हे तेवढं विचारून घ्यावं. त्यानुसार इतर ठिकाणांशी केलेली तुलना पार बदलते.

अशी वसतिगृहं उभी राहिली त्यामागे एक कटू वस्तुस्थिती होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये शिकायला आलेल्या भारतीय मुलांना अनेक घरमालकिणी वर्ण पाहून दारातूनच परत पाठवत. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ साली हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू इथं इंडिया हाउस सुरू केलं, ते मुळात विद्यार्थ्यांचं वसतिगृहच होतं. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टरीच्या अभ्यासाला आले ते तिथं राहिले. त्या घरावर आज त्यांच्या नावाची निळी चकती आहे. घर खाजगी मालकीचं आहे, म्हणून समोरच्या फुटपाथवरूनच पाहावं. ट्यूबच्या नॉर्दर्न लाइननं आर्चवेला उतरून चढाचा रस्ता चालावा लागतो.

त्याच नॉर्दर्न लाइनवर, वॉरन स्ट्रीटपासून चौथं स्टेशन चॉक फार्म. तिथून थोड्या अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मधला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० साली परत आले होते, त्याच काळात ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीही करत होते. उरलेला सगळा वेळ ग्रंथालयांत. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी केलेला अभ्यास आणि हाती असलेले मोजके पैसे, हे मराठी माणसाला सांगायला नको. महाराष्ट्र शासनानं २०१५ साली ते घर विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. फिट्झ्रॉय स्क्वेअरला मुक्काम असेल तर वॉरन स्ट्रीट स्टेशन पाच मिनिटांवर आहे, आणि एका सकाळीत हे घर पाहून परत येता येतं. जाण्यापूर्वी स्मारक उघडं असण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात. माझ्या मते लंडनला जाणाऱ्या मराठी माणसानं मेणाच्या पुतळ्यांच्या रांगेत उभं राहण्याआधी इथं जावं. ब्लूम्सबरीतच टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये १९६८ साली बसवलेला गांधीजींचा बैठा पुतळा आहे, आणि शेजारच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये रवींद्रनाथांचा अर्धपुतळा. सकाळच्या फेरफटक्यात दोन्ही होतात.

मुक्काम गणपतीच्या दिवसांत असेल तर वायव्य लंडनमध्ये डॉलिस हिल लेनवर महाराष्ट्र मंडळ आहे. १९३२ साली स्थापन झालेलं हे मंडळ भारताबाहेरच्या सर्वांत जुन्या मराठी मंडळांपैकी एक. आरतीला गेलं की ओळखी व्हायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, आणि आपल्याकडे ती फारशी कुणी वापरत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी असतात आणि त्यांतल्या खोल्या प्रवाशांना दिल्या जातात. एलएसई तर ईस्टरच्या सुट्टीतही देते. युनिव्हर्सिटी कॉलेज आणि साउथ केन्सिंग्टनचं इंपीरियल कॉलेज यांच्याकडेही उन्हाळ्यात खोल्या मिळतात. एकेरी खोली, टेबल-खुर्ची, स्वच्छ चादरी, काही ठिकाणी सामाईक स्वयंपाकघर. लहान मुलं किंवा पथ्य असलेली माणसं बरोबर असतील तर त्या स्वयंपाकघराची किंमत कळते. खिचडी टाकता येते.

यूथ हॉस्टेलं तरुणांसाठीच असतात हा समजही सोडून द्यायला हवा. ब्रिटिश लायब्ररीच्या अगदी समोर, यूस्टन रोडवर वायएचएचं हॉस्टेल आहे. तिथं सामाईक खोलीतल्या पलंगांबरोबर कुटुंबासाठी बंद खोल्याही मिळतात. चार जणांचं कुटुंब दोन गेस्ट हाउस खोल्या घेण्यापेक्षा तिथं बऱ्याच कमी पैशांत राहू शकतं. सामाईक खोली घेतली तर कपाटाला लावायला स्वतःचं कुलूप न्यावं.

घरमालकाकडून संपूर्ण फ्लॅट भाड्यानं घेणं अनेकांना आवडतं. लंडनमध्ये राहतं घर वर्षाला जास्तीत जास्त ९० रात्रीच अशा मुक्कामाला देता येतं. त्याहून जास्त दिवसांसाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे एखादा फ्लॅट वर्षभर रोज उपलब्ध दिसत असेल तर तो कोण आणि कशाच्या आधारे देतोय, याची चौकशी करावी. पैसे बँकेतून थेट पाठवा म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तर कधीच पाठवू नयेत. आकर्षक फोटो टाकून, दुसऱ्याचा पत्ता देऊन गंडवण्याचे प्रकार होतात. इमारत रस्त्याच्या छायाचित्रांत शोधून, दारावरची पाटी पाहून मगच आगाऊ रक्कम भरावी.

व्हिसाचा क्रम नीट लावावा. ब्रिटन शेंगेन गटात नाही. पॅरिस-रोमच्या शेंगेन व्हिसावर लंडनला जाता येत नाही, स्वतंत्र व्हिजिटर व्हिसा लागतो. तो हाती पडेपर्यंत परत न मिळणारी रक्कम कुठंही भरू नये. खोली विनाशुल्क रद्द करता येईल अशा अटीवर धरावी आणि रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. व्हिसा आल्यावर आगाऊ पैसे भरून स्वस्त दर मिळत असेल तर तेव्हा आरक्षण बदलावं.

मुंबईहून येणारी बरीच विमानं हीथ्रोला भल्या सकाळी उतरतात आणि गेस्ट हाउसमधली खोली दुपारी दोन-तीनला मिळते. पोचण्याची वेळ आधी कळवून सामान ठेवायची सोय आहे का ते विचारावं. बहुतेक ठिकाणी असते. हीथ्रोहून यायला पिकॅडिली लाइन स्वस्त, साधारण तासाभराची. एलिझाबेथ लाइन बरीच महाग पण वेगवान आणि प्रशस्त, पॅडिंग्टनला सुमारे अर्ध्या तासात पोचवते आणि पुढे टॉटनम कोर्ट रोडला. जड बॅगा असतील तर मी एलिझाबेथ लाइन घ्यायला सांगेन, कारण टॉटनम कोर्ट रोडला लिफ्टनं रस्त्यावर येता येतं. पिकॅडिलीनं आलात तर रसेल स्क्वेअरऐवजी किंग्ज क्रॉसला उतरा. रसेल स्क्वेअरच्या लिफ्ट बंद असल्या तर १७५ पायऱ्यांचा गोल जिना चढावा लागतो.

तिकीट काढायची गरज नाही. टॅप करून चालणारं बँकेचं कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड पुरतं, मात्र प्रत्येक माणसाला वेगळं हवं. दिवसभरातलं भाडं ठरावीक मर्यादेपलीकडे वाढत नाही, पण त्यासाठी जाताना-येताना तेच कार्ड वापरावं लागतं. सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड असं केलं तर हिशेब दोन ठिकाणी चालतो. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत आणि फक्त चढताना टॅप करायचं. बसचं एकदा भाडं दिलं की तासाभरात कितीही बसा बदलता येतात. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूब आणि बसनं फुकट जातात. वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडून शहर पाहणं हा लंडनमधला सर्वांत स्वस्त आनंद आहे, आणि मुलांना तो फार आवडतो.

खोलीत चहाची किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाच्या इवल्या डब्या ठेवलेल्या असतात. नळाचं पाणी प्यायला चांगलं. पंखा आणि एसी बहुधा नसतात. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा या घरांत राहणाऱ्यांचे फार हाल झाले. उन्हाळ्यात जाणार असाल तर टेबलफॅन मिळेल का ते विचारावं. विजेच्या पिना तीन चौकोनी दांड्यांच्या, आपली गोल पिन त्यांत बसत नाही. अडॅप्टर मुंबईतच घ्यावा. संडासात जेट स्प्रे नसतो, म्हणून एक हलका मग बॅगेत टाकावा. धुराची सूचना देणारी यंत्रं फार नाजूक असतात. खोलीत उदबत्ती लावू नये आणि शेगडीवर काही शिजवू नये. एका खोलीतल्या धुरानं सगळ्या इमारतीला रात्री रस्त्यावर यावं लागतं.

नाश्त्याला टोस्ट, अंडी, सीरियल, फळांचा रस आणि टोमॅटोच्या रसातले बीन्स. डुकराचं मांस नको असेल तर आदल्या रात्री सांगून ठेवावं. दुपारी सुपरमार्केटमधलं सँडविच, फळ आणि पेय मिळून ठरावीक दरात मिळणारं पाकीट घ्यावं आणि एखाद्या चौकातल्या बागेत बसून खावं. संध्याकाळी यूस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर जावं. भेळपुरी, डोसा आणि मिठायांसाठी ही गल्ली कित्येक वर्षं ओळखली जाते. वडापावची आठवण झाली तर हन्सलोला मुंबईहून आलेल्या दोन मित्रांनी सुरू केलेलं दुकान आहे. ते हीथ्रोच्या वाटेवरच पडतं. घरून न्यायला चिवडा, चकल्या, थेपले, मेतकूट उत्तम. दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून नेण्यावर बंदी आहे. म्हणून पेढे, बर्फी, तूप बॅगेत भरू नये.

खोलीवर वाचवलेले पैसे कुठं खर्च करायचे याची चिंता नको, कारण लंडनमधली सर्वांत मोठी संग्रहालयं मोफत आहेत. ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून, आणि ज्यांना मधल्या काळात तिकीट लागत होतं ती राष्ट्रीय संग्रहालयंही डिसेंबर २००१ पासून. याचा ब्लूम्सबरीत राहणाऱ्याला विशेष लाभ असा की ब्रिटिश म्युझियम एकदाच पाच तास उरकून पाहायची गरज उरत नाही. रोज तासभर जावं. एके दिवशी अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट, एके दिवशी असीरियाचे सिंह, बास. पाय दुखायच्या आत बाहेर पडावं. साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात टिपू सुलतानाचा वाघ आहे. त्याच संग्रहालयानं २०२४ साली वाघनखं महाराष्ट्राला तीन वर्षांसाठी उसनी दिली आणि ती आधी साताऱ्यात पाहायला ठेवली होती. तिथलं दक्षिण आशियाचं दालन उघडं आहे का ते आधी पाहावं, आणि असेल तर त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा.

परतीच्या दिवशी खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि विमान बहुधा रात्रीचं असतं. सामान पुन्हा रिसेप्शनला ठेवून शेवटची दुपार जवळपासच घालवावी. निघण्यापूर्वी तिकिटावरचं टर्मिनल पाहून घ्यावं. पिकॅडिली लाइनच्या काही गाड्या टर्मिनल चारला वळतात, काही टर्मिनल पाचला जातात. टर्मिनल दोन आणि तीनचं स्टेशन दोन्हींच्या वाटेवर येतं. गाडीच्या तोंडावर आणि फलाटावरच्या फलकावर ते लिहिलेलं असतं.